स्प्रिंग ब्रेकला फेअरबँक्स: मुलांना घेऊन पहिल्यांदाच एवढ्या उत्तरेला जाणाऱ्यांसाठी

मार्च जवळ आला की अमेरिकेतली बहुतेक कुटुंबं स्प्रिंग ब्रेकसाठी फ्लोरिडा, हवाई नाहीतर मेक्सिकोची तिकिटं बघायला लागतात. हिवाळ्याला कंटाळलेल्या माणसाने आणखी उत्तरेला जावं, हे अनेकांना विक्षिप्तपणाचंच वाटतं. पण अलास्काच्या मध्यभागातलं फेअरबँक्स मुलांबरोबर बघायचं असेल, तर मार्चसारखा महिना नाही. डिसेंबरच्या अखेरीस तिथे दिवस जेमतेम पावणेचार तासांचा असतो आणि जानेवारीत पारा उणे ४० पर्यंत उतरू शकतो. जूनमध्ये धड अंधारच पडत नाही, त्यामुळे अरोरा, म्हणजे उत्तरेच्या रात्रीच्या आकाशात दिसणारे रंगीत प्रकाशाचे पट्टे, दिसण्याचा प्रश्नच येत नाही. मार्चमध्ये दिवस आणि रात्र जवळपास सारखे, बर्फ अजून कोरडा आणि घट्ट, आणि थंडी तयारीनिशी गेलात तर सोसण्याजोगी: दुपारी सरासरी उणे ४ अंश सेल्सियस, म्हणजे साधारण २५ फॅरनहाइट, आणि रात्री शून्य फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे उणे १७-१८ सेल्सियस.

बेत आखण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. ही सहल रात्रीची आहे. दिवसभर ठिकाणं उरकायची आणि रात्री जमलं तर अरोरा बघायचा, असा बेत केलात तर दुसऱ्या दिवसापासून मुलं किरकिरी होतात आणि तिसऱ्या दिवशी मोठी माणसं. आधी रात्री ठरवा, त्यांच्या आजूबाजूला झोप बसवा, आणि उरलेल्या वेळात दिवस.

आधी शाळेचा आठवडा बघा

प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टचा स्प्रिंग ब्रेक वेगळ्या आठवड्यात येतो. तुमची सुट्टी मार्चमध्ये असेल तर डोळे झाकून पुढे जा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असेल तरी चालेल, पण बर्फाच्या खेळांची खात्री कमी होत जाते. एप्रिलच्या मध्यावर असेल तर बेत बदला. फेअरबँक्सला या दिवसांत दर दिवशी जवळपास ७ मिनिटं उजेड वाढतो, त्यामुळे पंधरवड्यात रात्र पावणेदोन तासांनी आखडते. अरोराचा हंगाम २१ एप्रिलच्या सुमारास संपला असं तिथे धरतात. शिवाय एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागतो, नद्यांवरचा बर्फ फुटतो आणि गाव चिखलाने भरतं. स्थानिक लोक त्या ऋतूला ‘ब्रेकअप’ म्हणतात आणि त्यांना स्वतःलाही तो फारसा आवडत नाही.

मार्चच्या बाजूने आणखी एक कारण आहे. विषुवदिनाच्या आसपास सौरवाऱ्यातलं (सूर्यातून सतत बाहेर पडणाऱ्या कणांच्या झोतातलं) चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी अधिक सहज जोडलं जातं, त्यामुळे मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास अरोराची धामधूम जास्त असते. रसेल आणि मॅकफेरॉन या शास्त्रज्ञांनी १९७३ साली त्याचं स्पष्टीकरण मांडलं. सातवी-आठवीतलं मूल बरोबर असेल तर हे त्यालाच शोधून काढायला सांगा, विमानातला वेळ जाईल.

तारखा ठरवताना चंद्र बघावा का? पर्याय असेल तर पौर्णिमा टाळा, नसेल तर सोडून द्या. चांदण्यात अंधूक अरोरा हरवतो, ठसठशीत अरोरा हरवत नाही.

तिकिटं आणि कागद

सिअ‍ॅटलहून फेअरबँक्सला थेट विमान आहे, साधारण पावणेचार तासांचं. अँकरेजहून विमानाने तासभर लागतो. अँकरेजहून हिवाळ्यात ‘अरोरा विंटर ट्रेन’ही जाते, पण ती १२ तास घेते. वाटेतला देखावा सुंदर असला तरी सहा वर्षांच्या मुलाला बारा तास खिडकीबाहेर बर्फच बर्फ दाखवण्यात अर्थ नाही. मुलं दहा-बारा वर्षांच्या पुढची असतील तर जाताना ट्रेन आणि येताना विमान हा मेळ छान बसतो. ट्रेनचे वार ठरलेले असतात, म्हणून आधी तिचं वेळापत्रक आणि मग विमान, असा क्रम ठेवा.

प्रवास देशांतर्गत आहे. १८ वर्षांवरच्या प्रत्येकाकडे रिअल आयडी किंवा पासपोर्ट हवा. मे २०२५ पासून हा नियम विमानतळांवर लागू झाला आहे. अमेरिकेचे नागरिक नसाल तर ग्रीन कार्ड, किंवा पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ ही कागदपत्रं सोबत असू द्या, नुसते फोनमधले फोटो नकोत. आई-बाबा भारतातून आलेले असतील आणि तेही येणार असतील, तर गाडीने कॅनडामार्गे जाण्याचा मोह टाळा. कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो, आणि परत अमेरिकेत शिरताना त्यांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा निघाला तर सगळ्यांचीच पंचाईत.

किती रात्री, आणि कुठे राहायचं

किमान तीन, चार असतील तर उत्तम. तीन रात्री मुक्काम करून उशिरापर्यंत बाहेर राहिलात तर अरोरा दिसण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, असं तिथली पर्यटन संस्था सांगते. पर्यटन संस्था आशावादी असणारच, पण हिशोब तर्काला धरून आहे. फेअरबँक्स जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशावर, अरोराच्या पट्ट्याच्या बरोबर खाली आहे. तिथे आकाशात काही ना काही घडतच असतं, खरा शत्रू म्हणजे ढग. एका रात्री ढग आले, दुसऱ्या रात्री मुलं दमली, तरी तिसरी हातात उरते.

राहायची जागा निवडताना तीन गोष्टी विचारा. स्वयंपाकघर आहे का? गाडीचा ब्लॉक हीटर (थंडीत इंजिन ऊबदार ठेवणारा विजेचा हीटर) लावायला पार्किंगमध्ये विजेचा प्लग आहे का? आणि उत्तरेचं आकाश अंगणातून दिसतं का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर त्यासाठी थोडे जास्त डॉलर मोजायला हरकत नाही. झोपलेल्या मुलाला गाडीत कोंबून वीस मैल नेण्यापेक्षा पांघरुणातून उचलून अंगणात नेणं कधीही बरं. काही लॉजमध्ये अरोरा दिसू लागताच खोलीत फोन करून उठवतात. बुकिंग करतानाच तशी सोय आहे का विचारा.

गावाबाहेरच्या टेकड्यांवर राहण्याचा एक छुपा फायदा आहे. हिवाळ्यात थंड हवा जड होऊन दरीत साचते, त्यामुळे फेअरबँक्समध्ये खाली गाव गारठलेलं आणि वर टेकडीवर चक्क काही अंश ऊब, असं नेहमी घडतं. वर दिवेही कमी. फक्त चढाचा रस्ता आणि ड्राइव्ह-वे साफ करतात का, हे विचारून घ्या.

कपडे: इथे घाई करू नका

चालताना लागणारी थंडी आणि उभं राहून लागणारी थंडी या वेगळ्या आहेत. स्की करणारं मूल उणे दहात घामाघूम होतं, तेच मूल आकाशाकडे बघत वीस मिनिटं उभं राहिलं की दात वाजवायला लागतं. अरोरा बघणं म्हणजे उभं राहणं. म्हणून ‘आमच्याकडेही बर्फ पडतो, जॅकेटं आहेत की’ या भरवशावर जाऊ नका.

अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरचं थर्मल, वर आणि खाली दोन्ही. सुती काहीही नको, आतला टी-शर्टसुद्धा नको आणि सुती मोजे तर मुळीच नकोत. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग तोच ओलावा अंग गार करतो. त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर. सर्वांत वर कमरेखाली येणारा जाड पार्का आणि स्नो पँट. लहान मुलांना खांद्यावर पट्टे असलेली स्नो पँट घ्या, म्हणजे पाठ उघडी पडत नाही.

पायांसाठी बूट नेहमीपेक्षा एक माप मोठे. पाय गार पडले की आपण दोन-दोन जाड मोजे कोंबतो आणि बूट घट्ट करतो, मग रक्त नीट फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. बुटात बोटं हलली पाहिजेत. हातांसाठी बोटांचे हातमोजे नकोत, मिटन हवेत, कारण चारही बोटं एका खोळीत राहिली की एकमेकांना ऊब देतात. मिटनच्या आत पातळ हातमोजे घाला, म्हणजे फोन हाताळताना कातडी उघडी पडणार नाही. मुलांचे मिटन दोरीने बाहीला बांधा. गळ्याला मफलरपेक्षा नळीसारखा नेक गेटर चांगला, तो सुटत नाही आणि नाकापर्यंत ओढता येतो.

हॅन्ड वॉर्मरची पाकिटं भरपूर घ्या, पण त्यांचं तंत्र समजून घ्या. आतल्या लोखंडाच्या भुकटीला हवेतला प्राणवायू मिळाला की गंज चढतो आणि त्या क्रियेतून उष्णता निघते. म्हणून पाकीट बाहेर पडण्याच्या पंधरा मिनिटं आधी फोडा, आणि हाताची वॉर्मर बुटात कोंबू नका, तिथे हवा पुरत नाही. पायांसाठी वेगळी मिळतात, ती मोज्याच्या बाहेरून चिकटवा. उघड्या कातडीला कुठलंच लावायचं नाही.

हे सगळं विकत घ्यायची गरज नाही. पार्का, स्नो पँट आणि बूट फेअरबँक्समध्ये दिवसाच्या भाड्याने मिळतात. थर्मल, मोजे, टोप्या घरून न्या आणि मोठा माल तिथे घ्या, बॅगाही हलक्या होतील. फक्त मुलांची मापं आधी फोन करून राखून ठेवा, सुट्टीच्या आठवड्यांत लहान मापं लवकर संपतात.

निघण्याआधी एका संध्याकाळी सगळ्यांना पूर्ण जामानिमा चढवून घराबाहेर नुसतं उभं करा. किती वेळ लागतो, कोणाची चेन अडकते, कोणाला आयत्या वेळी शू लागते, ते सगळं घरीच कळेल.

गाडी

भाड्याची गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह घ्या, आणि विंटर टायर आहेत का हे स्पष्ट विचारा. दोन्ही एकच नव्हे: चारही चाकं फिरली तरी बर्फावर थांबवायचं काम टायरच करतात. इंजिनाच्या पुढच्या भागातून विजेची वायर लोंबताना दिसेल, ती ब्लॉक हीटरची. पारा उणे २० सेल्सियसच्या खाली जाणार असेल तर रात्री ती प्लगला जोडा, आणि सकाळी निघताना काढायला विसरू नका. काउंटरवरच्या माणसाकडून हे एकदा दाखवून घ्या, तिथे हा प्रश्न कोणालाही बावळटपणाचा वाटत नाही.

टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. गाडीत ब्लँकेटं, पाणी, खाऊ आणि बर्फ खरवडायचं स्क्रेपर असू द्या. संध्याकाळी आणि रात्री मूस (हरणाच्या कुळातले मोठे प्राणी) रस्त्यावर येतात. त्यांचे पाय इतके लांब असतात की हेडलाइटच्या उजेडात अंग दिसतच नाही, म्हणून वेग कमी ठेवा.

आता कार सीटबद्दल, कारण हे थंड प्रदेशात न राहणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. फुगीर जॅकेट घालून मुलाला कार सीटमध्ये बांधायचं नाही. पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की जॅकेटातली हवा दबते आणि पट्टा ढिला पडतो. आधी गाडी गरम करा, मुलाला फ्लीसवर बांधा, आणि जॅकेट वरून पांघरुणासारखं घाला.

भाड्याच्या बहुतेक गाड्यांना डाल्टन हायवेसारख्या कच्च्या रस्त्यांवर मनाई असते. आर्क्टिक सर्कलला जायचंच असेल तर टूर घ्यावी लागते आणि तिला अख्खा दिवस जातो. माझं मत विचाराल तर मुलांबरोबर हे वगळा. दहा-बारा तास व्हॅनमध्ये बसून शेवटी एका पाटीजवळ फोटो, आणि रात्रीच्या अरोराला कोणी जागं राहत नाही.

रात्र कशी काढायची

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य आठच्या सुमारास मावळतो आणि खरा अंधार पडायला पावणेदहा-दहा वाजतात. अरोराचा भरवशाचा काळ रात्री १० ते ३. अलास्काची वेळ पॅसिफिकपेक्षा एक तास आणि ईस्टर्नपेक्षा चार तास मागे आहे. म्हणजे न्यू जर्सीहून आलेल्या मुलाच्या शरीरात तिथले रात्रीचे दहा म्हणजे पहाटेचे दोन. त्याला जागं ठेवण्याची कुस्ती खेळू नका. सात-साडेसातला सरळ झोपवा, थर्मल घालूनच, आणि साडेअकराला उठवा. कॅलिफोर्नियाहून आलेल्यांना दुपारच्या झोपेवर निभावता येतं.

संध्याकाळी दोन गोष्टी तपासा: अलास्का विद्यापीठाच्या जिओफिजिकल इन्स्टिट्यूटचा अरोरा अंदाज आणि ढगांचा नकाशा. अंदाजात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा केपी नावाचा ० ते ९ असा आकडा असतो. मोठा आकडा हवा, असं वाचून लोक १ किंवा २ दिसलं की हिरमुसतात. ते खालच्या राज्यांतल्या लोकांसाठी ठीक आहे. फेअरबँक्सला १ किंवा २ लाही अरोरा दिसू शकतो. ढगांचा नकाशा जास्त गांभीर्याने घ्या.

पहिली रात्र शक्यतो गाइडबरोबर, किंवा शेकोटी आणि गरम खोली असलेल्या एखाद्या ठरावीक जागी काढा. पैसे जातात, पण मुलं आत-बाहेर करू शकतात, टॉयलेट असतं, आणि काय बघायचं ते कळतं. पुढच्या रात्री स्वतः जाता येईल. क्लिअरी समिटसारख्या उंच जागा लोकप्रिय आहेत. मर्फी डोमवरूनही आकाश विलक्षण दिसतं, पण वर वारा असतो आणि बर्फातल्या रस्त्याची सवय नसेल तर तिथे रात्री जाऊ नका. कुठेही थांबलात तरी रस्त्याच्या कडेला नाही, पुलआउटमध्येच (गाडी थांबवण्यासाठी रस्त्यालगत सोडलेल्या जागेत) थांबा, आणि पोचताच हेडलाइट बंद करा. दुसऱ्यांच्या डोळ्यांत दिवे मारणारे पर्यटक तिथे लगेच नावडते होतात.

मुलांना आधीच सांगून ठेवा की सुरुवातीचा अरोरा फोटोतल्यासारखा हिरवागार नसतो. तो करड्या, धुरकट पट्ट्यासारखा दिसतो, कारण कमी उजेडात आपले डोळे रंग नीट टिपत नाहीत. शंका आली तर फोन नाइट मोडवर ठेवून फोटो काढा. फोटोत पट्टा हिरवा आला तर अरोरा, नाहीतर ढग. तो जोरात आला की मात्र डोळ्यांनाही हिरवा दिसतो, हलतो, कधी खालची कड गुलाबी होते. हिरवा रंग साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरच्या प्राणवायूचा, आणि खालची गुलाबी कड नायट्रोजनची.

कॅमेरा असेल तर ट्रायपॉडवर ठेवून फोकस हाताने एखाद्या ताऱ्यावर लावा. आयएसओ १६०० ते ३२००, भिंग जितकं उघडेल तितकं उघडं, आणि ५ ते १५ सेकंदांचं एक्स्पोजर. बॅटऱ्या थंडीत झपाट्याने उतरतात, जादाच्या आतल्या खिशात ठेवा, फोनसुद्धा. आत येण्यापूर्वी कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला, नाहीतर गरम हवेतलं बाष्प भिंगावर जमेल.

खाऊ असा न्या की जो मिटन घालून तोंडात टाकता येईल. चिवडा बर्फातच सांडतो. लाडू बाहेरच्या खिशात ठेवलात तर फोडायला दगड लागेल, आतल्या खिशात ठेवा. थर्मासमध्ये गरम सूप किंवा मुगाची पातळ खिचडी असली की मुलं आणखी अर्धा तास तग धरतात.

दर वीस मिनिटांनी सगळ्यांना आत किंवा गाडीत घ्या, मूल ‘नाही’ म्हणालं तरी. गाल, नाक, कानाच्या पाळ्या तपासा. कातडी पांढरट किंवा राखाडी दिसली आणि स्पर्श कळेनासा झाला तर ती हिमदंशाची सुरुवात आहे. तिथे चोळायचं नाही, बर्फ तर अजिबात लावायचा नाही. ऊबदार तळहात टेकवा किंवा कोमट पाण्यात धरा. थोड्या वेळात संवेदना परत आली नाही तर डॉक्टर गाठा. थंडी वाजणं थांबून मूल सुस्त, बरळल्यासारखं झालं तर वाट न बघता ९११.

दिवस

सकाळ उशिरा सुरू करा. अकराच्या आधीचं काहीही बुक करू नका, तेवढं पथ्य पाळलं तर बाकी सगळं सोपं जातं.

पहिल्या दिवशी मॉरिस थॉम्पसन सेंटरमध्ये जा. प्रवेश फुकट आहे, अथाबास्कन या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जगण्याचं प्रदर्शन उत्तम आहे, आणि रस्त्यांची, हवामानाची ताजी माहिती तिथेच मिळते. विद्यापीठाच्या म्युझियम ऑफ द नॉर्थला अर्धा दिवस द्या. तिथे ‘ब्लू बेब’ नावाचा हिमयुगातला बायसन आहे, १९७९ साली सोन्याच्या खाणवाल्यांना गोठलेल्या जमिनीत सापडलेला. कातडीवर धरलेल्या खनिजामुळे तो निळसर दिसायचा, म्हणून ते नाव. सिंहाच्या नखांचे ओरखडे आजही त्याच्या कातडीवर आहेत. मुलं तिथून हलत नाहीत.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, हवामान साथ देईल तसं, बर्फशिल्पांची जागतिक स्पर्धा भरते. शिल्पं संध्याकाळी रंगीत दिव्यांत बघावीत, पण मुलांचा खरा जीव बर्फाच्या घसरगुंड्यांवर जडतो. स्नो पँट घालूनच जा. कुत्र्यांच्या स्लेजची सफर अर्ध्या-एक तासाची पुरे, त्यापुढे बसून राहण्याची थंडी लागते. जवळच्या फॉक्स इथे रस्त्यालगत अलास्का पाइपलाइन अगदी जवळून बघता येते. १९७७ साली सुरू झालेली ही ८०० मैलांची नळी बऱ्याच ठिकाणी खांबांवर का उचलली आहे, हे मुलांना विचारा. आतल्या गरम तेलाने खालची गोठलेली जमीन वितळली असती, हे उत्तर. नॉर्थ पोल नावाचं गाव चौदा-पंधरा मैलांवर आहे, सांतावर अजून विश्वास असलेलं मूल घरात असेल तरच जा.

चेना हॉट स्प्रिंग्ज गावापासून साठेक मैलांवर. जाण्यापूर्वी हे माहीत असू द्या की बाहेरच्या खडकाळ गरम तळ्यात १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. मुलांसाठी आतला पूल आहे. आई-बाबांनी पाळीपाळीने तळ्यात जावं, गोठलेल्या केसांचा फोटो काढावा, आणि केस पूर्ण वाळवून मगच बाहेर पडावं. तिथलं बर्फाचं संग्रहालय उन्हाळ्यातही टिकतं, तेही जमिनीतल्या गरम पाण्यावर चालणाऱ्या शीतयंत्रामुळे. त्या रस्त्यावर मोबाइलचं नेटवर्क गायब होतं, नकाशा आधीच उतरवून ठेवा. रात्र तिथेच काढलीत तर उत्तम, परतीचा अंधारातला प्रवास वाचतो.

एक-दोन बारीक गोष्टी. हवा कमालीची कोरडी असते, नाकातून रक्त येऊ शकतं. व्हॅसलीन, लिप बाम आणि पाणी सतत हाताशी हवं. मार्चचं ऊन बर्फावरून परावर्तित होऊन डोळ्यांत घुसतं, म्हणून गॉगल आणि सनस्क्रीन लागतंच. आणि लहान मुलांना बजावून ठेवा की धातूच्या खांबाला जीभ लावायची नाही. सांगितलं नाही तर एखादं लावतंच.

परतीचा दिवस

फेअरबँक्सहून निघणारी काही विमानं मध्यरात्रीनंतरची किंवा भल्या पहाटेची असतात. शनिवारी रात्री निघायचं असेल आणि विमान पहाटे १ चं असेल, तर तिकिटावर तारीख रविवारची हवी. बुक करताना एकदा आणि आदल्या दिवशी एकदा ती तपासा. भाड्याचे पार्का आणि बूट दुकान बंद होण्याआधी परत करायचे असतात, आणि रात्री विमानतळावर जाताना थंडी तर तितकीच असते. म्हणून घरून आणलेली जॅकेटं बॅगेच्या तळाशी न घालता बाहेर ठेवा, आणि गाडी परत करताना ती विमानतळाच्या इमारतीपासून किती लांब लावायची आहे, हे काउंटरवर आधीच विचारून घ्या. लांब असेल तर मुलं आणि सामान दारात उतरवून एकानेच गाडी लावायला जावं.